परळीची यात्रा आणि आपली पेठ

(कासार समाजाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



आपल्या कार्यकारी मंडळाने मला चार शब्द बोलावयास सांगितले आणि विषय मात्र माझ्यावरच सोपविला. मी पडलो प्राथमिक शाळेतला निवृत्त मास्तर, शिक्षण मॅट्रिकचे. अर्थशास्त्राचे ग्रंथ मी वाचलेले नाहीत. परंतु परळी-वैजनाथाच्या ज्या पेठेवर आपल्यातील कित्येक घरांच्या चुली पिढ्यान्‌पिढ्या पेटल्या, ती पेठ आपल्या डोळ्यांदेखत ओसरत चालली आहे. त्याविषयी ह्या मेळाव्यात बोलावयाचे नाही, तर मग कोठे बोलावयाचे?

हा विषय काढला की प्रथम एक उत्तर ऐकावे लागते. "पेठ ओसरली म्हणता, पण महाशिवरात्रीची रांग पाहिली का? श्रावणातल्या सोमवारी देवळाकडे पाय ठेवावयास जागा नसते." हे खरे आहे. यात्रा घटलेली नाही; माझ्या समजुतीप्रमाणे ती वाढलीच आहे. आणि तरीही संध्याकाळी गल्ला मोजताना दुकानदाराचे तोंड उतरलेले असते. ह्या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

वैजनाथाचे देऊळ उंचवट्यावर, रुंद दगडी पायऱ्यांच्या माथ्यावर आहे. अठराव्या शतकात अहिल्याबाई होळकरांनी त्याचा जीर्णोद्धार केला. बारा ज्योतिर्लिंगांतील वैद्यनाथ तो आपला की झारखंडातील देवघरचा, हा वाद पंडितांनी खुशाल घालावा. महाराष्ट्रातला, आंध्रातला, कर्नाटकातला भाविक त्या वादासाठी थांबलेला नाही. येथे हरी आणि हर एकत्र मानतात. जगमित्र नागा ह्या वैष्णव संताची समाधी ह्याच शैवक्षेत्रात आहे. आणि अंबाजोगाईच्या योगेश्वरीशी ह्या देवाचा विवाह ठरला होता, मुहूर्त टळला, वऱ्हाडाचे दगड झाले व देवी कुमारिकाच राहिली, ही कथा तर आपल्याकडे लहान मुलासही पाठ असते. ह्या कथेचा आपल्या धंद्याशी जवळचा संबंध आहे. योगेश्वरी ही कोकणातल्या पुष्कळ घराण्यांची कुलदेवता. ती मंडळी कुलधर्मासाठी अंबाजोगाईस येत, देवीची ओटी भरत आणि तेथून परळीस येत. ओटी म्हटली की खण-नारळ आला, हिरव्या बांगड्या आल्या, कुंकवाचा करंडा आला.

आता मुख्य मुद्दा. जुन्या काळी हा यात्रेकरू येई कसा? निजामाच्या राजवटीत परळीस रेल्वे आली ती दोन बाजूंनी, आणि दोन वेगवेगळ्या मापांची. विकाराबादकडून लातूर रोडमार्गे येणारा रूळ ब्रॉडगेज, तर परभणीकडून येणारा मीटरगेज. हैदराबादकडून आलेल्या गाडीस परभणीकडे आणि परभणीकडच्या गाडीस हैदराबादकडे जाता येत नसे. माणसास परळीत उतरून गाडी बदलावी लागे. दोन गाड्यांच्या वेळा जुळणे हा नशिबाचा भाग. म्हणजे ज्याला वैजनाथाचे दर्शन घ्यावयाचे होते तो तर येथे राहीच, परंतु ज्याला ते घ्यावयाचे नव्हते तोही पुष्कळदा अडकून राही, आणि अडकलाच आहोत तर देवास जाऊन येऊ, म्हणून देवळाची वाट धरी. रेल्वेच्या अडचणीने पेठेचे भले केले, असे म्हटले तर कुणी हसेल. पण ते खरे आहे.

मुक्काम पडला की काय होई, ते आपल्यातील वृद्धांनी पाहिले आहे. धर्मशाळेत अगर उपाध्यायांच्या घरी पथारी पडे. रात्री स्वयंपाकासाठी शिधा, सरपण आणि एखादे पातेले लागे. पहाटे अभिषेक, त्यासाठी ताम्हण, पळी-पंचपात्री, तांब्याची गडवी. दर्शन उरकल्यावर गाडीस अवकाश असे आणि मग बायका निवांत दुकानाच्या फळीवर बसत. बांगड्या भरणे हा घाईचा व्यवहारच नव्हे. हात हातात घ्यावयाचा, मनगटाचे माप नजरेने धरावयाचे, हाताचा गोळा दाबून एकेक काकण अलगद चढवावयाचे. भरताना फुटले तर ते कासाराचे, गिऱ्हाइकाचे नव्हे. बांगड्या भरून झाल्या की ती बाई वाकून नमस्कार करी. कासार परका पुरुष नव्हे, तो माहेरचा माणूस, असा तो मान. दुकानात बसलेल्या एकीच्या मागे तिची जाऊ, नणंद, शेजारीण बसे. तोवर पुरुषमाणूस भांड्यांकडे वळे: समई वजनाला कशी, घंगाळाचा पत्रा किती जाड, जुना हंडा मोडीत दिला तर काय धराल. अशा रीतीने एका कुटुंबाची एक रात्र पाच दुकाने चालवी.

आजचा यात्रेकरू मोटारीतून येतो. पाच ज्योतिर्लिंगे तीन दिवसांत करावयाची असतात. सकाळी औंढ्याचा नागनाथ, दुपारी वैजनाथ, रात्री घृष्णेश्वराच्या वाटेवर. मोटार देवळाच्या जितकी जवळ नेता येईल तितकी नेतात. रांगेत तास-दोन तास जातात. बाहेर आला की चालक भोंगा वाजवितो. हातात प्रसादाचा पुडा आणि फार तर एक रुद्राक्षाची माळ. त्या माणसाला दोष देण्यात अर्थ नाही. पण तो पेठेतून जात नाही, पेठेच्या कडेने जातो. गर्दी आहे, गिऱ्हाईक नाही. आमच्या दुकानदारांच्या तक्रारीचे सार एवढेच आहे. रुळांचे माप पुढे एक झाले, गाड्या थेट जाऊ लागल्या. प्रवाशाची सोय झाली आणि आपली एक रात्र गेली.

दुसरी कारणे नाहीत असे नव्हे. स्टीलने तांब्यापितळेची जागा घेतली, त्याबरोबर कल्हईवाला गेला आणि मोडीचा व्यवहारही जवळजवळ गेला. मोडीवरून आठवले. 1972 च्या दुष्काळात मी शाळकरी पोर होतो. चुलत्यांच्या दुकानापुढे खेड्यांतली माणसे हंडे-कळशा, परातीसुद्धा घेऊन उभी असत. त्यांवर बारशात घातलेली नावे कोरलेली. चुलते वजन करीत, पण नाव मोठ्याने वाचीत नसत. त्या वर्षी पितळ दुकानात आले ते परत त्या घरांत गेले नाही, कारण चांगले दिवस आले तेव्हा लोकांनी स्टील घेतले.

परळी केवळ देवाचे गाव होते तोवर यात्रेवर तिचा भार होता. 1971 मध्ये औष्णिक विद्युत केंद्र सुरू झाले आणि पगारदार माणूस गावात आला. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आपल्या दुकानांना जो रंग चढे, तो कित्येकांच्या स्मरणात असेल. मग 2013 आणि 2015 ह्या दुष्काळी वर्षांत पाण्याअभावी केंद्रच बंद ठेवावे लागले. जुने संच काळाच्या ओघात कायमचे थांबले. जनगणनेचे आकडे पाहिले तर 2001 साली परळी शहराची लोकसंख्या सुमारे 88 हजार होती व 2011 साली सुमारे 91 हजार. दहा वर्षांत तीन हजार! ज्या काळात इतर शहरे फुगत होती त्या काळात हे गाव जागच्या जागी उभे राहिले. शिकलेली पोरे पुण्यास, संभाजीनगरास गेली. खेड्यांतली माणसे दसरा-दिवाळीनंतर कोयता घेऊन ऊसतोडीस जातात आणि पाडव्याच्या सुमारास परततात; म्हणजे माघातील महाशिवरात्रीस, जी आपली सर्वांत मोठी जत्रा, आपल्याच तालुक्यातले गिऱ्हाईक सांगली-कोल्हापूरच्या फडात असते. उचल हाती येते तेव्हा चार पैसे पेठेत पडतात, तेवढेच.

शेवटचा घाव महामारीचा. मार्च 2020 मध्ये देवळे बंद झाली ती दिवाळीच्या पाडव्यास उघडली. 2021 च्या एप्रिलात पुन्हा बंद झाली ती घटस्थापनेस, 7 ऑक्टोबरला उघडली. दोन श्रावण लागोपाठ गेले. जी दुकाने त्या दीड वर्षात मिटली, त्यांतली सगळी पुन्हा उघडली नाहीत.

आता परळी तीर्थक्षेत्राचा विकास आराखडा आला आहे. त्याला विरोध करा, असे सांगावयास मी उभा नाही. देवळाभोवती मोकळी जागा हवी, स्वच्छतागृहे हवीत, म्हाताऱ्या माणसास रांगेत सावली हवी. हे कोण नाकारील? आपल्यातील तरुण मंडळी म्हणतात, काशीसारखे झाले की धंदा आपोआप येईल. काशीचे काय झाले ते नीट पाहू या. 13 डिसेंबर 2021 रोजी तेथील विश्वनाथ धामाचे उद्‌घाटन झाले. मूळ आवार तीन हजार चौरस फुटांचे, ते सुमारे पाच लाखांचे झाले. त्यासाठी तीनशेंहून अधिक मिळकती घेण्यात आल्या. दुकानदार, भाडेकरू व घरमालक मिळून चौदाशेंहून अधिक लोकांना हलविले, असे सरकारी निवेदनच सांगते. देऊळ भव्य झाले ह्यात शंका नाही. पण गल्ली म्हणून जे काही होते ते तेथे राहिले नाही. पंढरपुरातही अशाच योजनेवरून व्यापारी व रहिवासी रस्त्यावर आले, ते ह्याच धास्तीने.

माझे म्हणणे असे, की कोणताही आराखडा कागदावर असतो तोवरच त्यात आपली जागा मागता येते. मोटारींचा तळ देवळाच्या पायथ्याशी करावयाचा की पेठेच्या दुसऱ्या टोकास, हा वरवर क्षुल्लक प्रश्न आहे. पण तळ दूर असला तर यात्रेकरू पेठेतून चालत जाईल, जवळ असला तर ती चार पावलेही संपतील. भक्तनिवास गावाबाहेर हमरस्त्यावर बांधावयाचा की चालत जाण्याच्या अंतरावर? त्यावर मुक्काम ठरेल, आणि मुक्कामावर आपण. अहिल्यानगरची रेल्वे 17 सप्टेंबर 2025 रोजी बीडपर्यंत आली. ती परळीस येईल तेव्हा उतरणारा माणूस कोणत्या रस्त्याने देवळाकडे जाईल, हेही आजच विचारावे.

आणखी एक गोष्ट थोडी कायद्याची आहे, पण ऐकून घ्यावी. आपल्यातील बहुतेक दुकानदार जागेचे मालक नाहीत, पिढीजात भाडेकरू आहेत. 2013 च्या भूसंपादन कायद्यात, जागेचा मालक नसला तरी तीन वर्षे ज्याची उपजीविका त्या जागेवर चालली आहे, अशा कुटुंबासही बाधित मानण्याची तरतूद आहे. परंतु शासनाने मालकाशी परस्पर खरेदी केली तर भाडेकरूचे नाव कागदावर येईलच असे नाही. आणि टोपलीत बांगड्या घेऊन जमिनीवर बसणाऱ्या आपल्या बहिणी? त्यांच्यासाठी 2014 चा पथविक्रेता कायदा आहे. नैसर्गिकपणे जमलेल्या ज्या बाजारात विक्रेते पन्नास वर्षांहून अधिक काळ बसत आले आहेत, तो वारसा बाजार जाहीर करावा व तेथील विक्रेत्यांस हलवू नये, असे त्याच्या परिशिष्टात म्हटले आहे. पन्नास वर्षे! आपण तर त्याहून जुने. पण हे सांगून कोणी ऐकणार नाही, दाखवावे लागेल.

थोडे कडू बोलतो, राग मानू नये. जत्रेच्या दिवशी एका बांगडीस दोन भाव सांगणे, चालत्या बाईचा पदर धरल्यासारखे ओरडून बोलावणे, पितळेचा मुलामा दिलेली वस्तू पितळ म्हणून विकणे, हे आपल्याच पेठेत चालते. बाहेरगावचा माणूस एकदा फसला की दहा जणांस सांगतो. ज्या धंद्यात फुटलेली बांगडी विकणाऱ्याने सोसावी असा दंडक होता, त्या धंद्यास हे शोभत नाही.

आता कामाचे बोलतो. नगरपालिकेने वेळोवेळी दिलेल्या तहबाजारीच्या पावत्या, जुन्या भाडेचिठ्ठ्या, दुकानाचे परवाने, दुकानासमोर काढलेली लग्नातली छायाचित्रे, वीजबिले, असे जे काही आपल्या घरच्या ट्रंकेत, माळ्यावर पडले असेल, ते मला आणून दाखवावे. मूळ कागद आपल्याचपाशी राहील. मी नक्कल करून घेईन आणि वहीत नोंद करीन. मास्तरकीत हजेरीपटच लिहिले, तेव्हा हे काम मला जमेल. वहीत आजवर एकतीस दुकानांची नोंद झाली आहे, त्यांपैकी चौदांचाच पन्नास वर्षांपूर्वीचा कागद मिळाला आहे. जमिनीवर बसणाऱ्या बायकांपैकी एकीचाही नाही. पावती घरी नेऊन जपून ठेवावी असे त्यांना कुणी सांगितलेच नव्हते. येता श्रावण सुरू होण्यापूर्वी ही यादी नगरपालिकेत पोहोच घेऊन द्यावयाची, असा विचार आहे. भोजनानंतर मी दाराजवळच्या टेबलाशी वही घेऊन बसणार आहे.