खालाला कुणी विचारलं नाही



आमच्या डहाणूत कुणी वेड्यासारखं बोललं की लोक म्हणत, 'याला ठाण्याला पाठवा.' ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ सालचं. २०१४ मध्ये पालघर जिल्हा होईपर्यंत आपला जिल्हाही ठाणेच, त्यामुळे ही थट्टा घरचीच. मी लहान असताना शेजारच्या एका खालाला खरोखरच इस्पितळात नेलं; ठाण्याला नव्हे, दुसऱ्याच एका लांबच्या गावी. त्या दिवसापासून आमच्या गल्लीतली थट्टा थांबली.

इस्पितळांत तेव्हा काय काय करून पाहिलं गेलं, ते मी पुष्कळ नंतर वाचलं. आपल्या तलासरीकडची माणसं ज्या हिवतापाला भितात, तो ताप व्हिएन्नाच्या डॉ. वाग्नर-याउरेग यांनी १९१७ साली रोग्यांना मुद्दाम दिला. उपदंश मेंदूत पोचल्यानं वेड लागलेली ती माणसं. कडक तापानं मूळ रोग हटेल, मग क्विनीन देऊन ताप उतरवू, असा हिशेब. काही सुधारले, काही दगावले. १९२७ साली या उपचाराला नोबेल मिळालं. पुढे इन्सुलिन टोचून रोग्याला बेशुद्ध करू लागले. १९३८ मध्ये रोममध्ये विजेचा शॉक आला. हे दोन्ही उपचार आपल्या देशातही पोचले. पोर्तुगालच्या मोनिझ यांनी तर मेंदूतले तंतूच छेदले. १९४९ चं नोबेल त्यांना.

पाड्यावर तांदळाचे दाणे पाहणाऱ्या भगताला आपण हसतो. पण हे डॉक्टरही अंधारातच चाचपडत होते. वॉर्ड भरलेले, हाताशी औषध नाही. कोलकात्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्ये सर्पगंधेच्या मुळीचा वेडावरचा गुण नोंदवला होता. १९५२ मध्ये फ्रान्समध्ये क्लोरप्रोमाझिन वापरात आलं, तेव्हा कुठे गोळ्यांचे दिवस सुरू झाले.

खाला परत आली ती शांत होऊन, पण बऱ्याच आठवणी पुसून. 'मला कुणी विचारलं नाही रे,' एवढंच म्हणायची.

हे विचारणं कायद्यात नीट यायला २०१७ साल उजाडलं. मानसिक आरोग्याच्या त्या कायद्यानं भूल न देता शॉक द्यायला आणि माणसाला साखळीनं बांधायला बंदी केली. कोणते उपचार हवेत, कोणते नकोत, हे आधीच लिहून ठेवायचा हक्क दिला. शॉक आजही देतात, भूल देऊन. गंभीर नैराश्यात त्याचा गुणही येतो.

तेव्हा घरात कुणाचं मन बिघडलं तर दवाखान्यात जरूर न्या. पण निघण्याआधी घटकाभर त्याच्याजवळ बसा, आणि त्याला विचारा.