खाडिलकर भगिनी ते दिव्या देशमुख : मोठं कोण?

(स्नेहमेळाव्यातील भाषण)



मला वीस मिनिटं दिली आहेत आणि विषय मीच मागून घेतला आहे. गेल्या जुलैमध्ये आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तीन दिवस जे भांडण चाललं होतं, ते तुम्हाला आठवत असेल. दिव्या देशमुखने २८ जुलै २०२५ ला जॉर्जियातल्या बटुमीमध्ये महिला विश्वचषक जिंकला, आणि तासाभरात आपल्याकडे निकाल लागला की महाराष्ट्राची आजवरची सर्वांत मोठी बुद्धिबळपटू हीच. त्यावर कोणीतरी लिहिलं, "खाडिलकर भगिनी विसरलात का?" त्यावर आणखी कोणीतरी, "त्या काळी खेळायला होतंच कोण?" शेवटचं वाक्य मला डाचलं. उत्तर टाइप करायला बसले तर ते फार लांबलं, म्हणून आज इथे उभी आहे.

मी व्यवसायाने सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. आमच्या कामात माणसांना, दुकानांना, कर्जांना, सगळ्याला आकडे लावतो आणि मग त्या आकड्यांची क्रमवारी लावतो. त्यामुळे "मोठं कोण" असं म्हटलं की माझा हात आधी आकड्याकडे जातो. बुद्धिबळात तर आकडा तयारच आहे. ईलो मानांकन. आर्पाद ईलो हे अमेरिकेतले, मूळचे हंगेरीचे, भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. त्यांची पद्धत साधी आहे. दोन खेळाडूंच्या मानांकनात २०० गुणांचा फरक असेल, तर वरच्याने चारातले साधारण तीन गुण मिळवावेत अशी अपेक्षा. त्यापेक्षा जास्त मिळवले तर मानांकन चढतं, कमी मिळवले तर उतरतं. झालं. मग दिव्याचा आकडा घ्या, रोहिणी खाडिलकरांचा घ्या, वजाबाकी करा.

ही वजाबाकी करता येत नाही, हे मला आज मुख्य सांगायचं आहे.

ईलो फक्त फरक मोजतो, आणि तोही एकमेकांत खेळणाऱ्या माणसांमधला. एका तळ्यातल्या माशांची आपापसातली लांबी त्यातून कळते. दुसऱ्या तळ्यातल्या माशांशी त्यांची तुलना करायची तर मधून पाणी वाहायला हवं. पूर्वी बायका बहुतेक बायकांशीच खेळायच्या, म्हणजे तळी वेगळी. हे जागतिक संघटनेच्या, म्हणजे फिडेच्या, लक्षात आलं तेव्हा त्यांनी काय करावं? जानेवारी १९८७ मध्ये सगळ्या महिला खेळाडूंच्या मानांकनात सरसकट १०० गुण वाढवून टाकले! सगळ्या, म्हणजे एक सोडून. हंगेरीची सुसान पोल्गार पुरुषांत खेळत होती, तेव्हा तिचा आकडा बरोबरच आहे म्हणून तिला काही दिलं नाही. परिणाम असा की पहिल्या क्रमांकावरची ती, आणि तिच्या डोक्यावर बसली जॉर्जियाची माया चिबुर्दानित्झे. पटावर एक प्यादंही न हलवता. आमच्या ऑफिसात कोणी डेटाबेसमध्ये असली दुरुस्ती केली असती तर त्याला रात्रभर बसवून ठेवलं असतं. आणि हे जुनं म्हणून सोडून देऊ नका. मार्च २०२४ मध्येही फिडेने २००० च्या खालची सगळी मानांकनं एका सूत्राने वर उचलली. तेव्हा १९८१ चा आकडा आणि २०२५ चा आकडा शेजारी ठेवणं म्हणजे जुन्या आण्यांची आजच्या रुपयांशी बेरीज करणं.

दुसरा मार्ग संगणकाचा. आज तुमच्या फोनवर फुकट मिळणारा स्टॉकफिश जगज्जेत्याला हरवेल. जुने डाव त्याला द्या, प्रत्येक खेळी किती चुकली ते मोजा, सरासरी काढा. ऐकायला निष्पक्ष वाटतं. पण दिव्याची पिढी सुरुवातीच्या पंधरा-वीस खेळ्या याच यंत्राकडून शिकलेली आहे. ज्याने पेपर काढला त्याच्याच क्लासला गेलेल्या मुलाला जास्त मार्क पडणार, यात नवल काय? १९७० च्या दशकात मुंबईतल्या मुलीला परदेशी डाव बघायचे तर युगोस्लाव्हियाहून निघणारा 'इन्फॉर्मेटर' कोणाकडून तरी मिळवायचा आणि पटावर एकेक खेळी मांडत बसायचं. डाव लांबला तर तो तहकूब व्हायचा, पुढची खेळी पाकिटात बंद करून द्यायची, आणि रात्रभर घरी विश्लेषण करायचं. ज्या घरात तीन बहिणी खेळणाऱ्या, त्या घराला त्या रात्रीचा किती उपयोग झाला असेल, विचार करा.

आता त्या तिघींबद्दल. जयश्री, वासंती आणि रोहिणी. नाट्याचार्य कृ. प्र. खाडिलकरांनी सुरू केलेल्या 'नवाकाळ'चे संपादक नीलकंठ खाडिलकर यांच्या या मुली. १९७४ मध्ये बंगळूरला महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली, ती वासंतीने जिंकली. त्यानंतर पहिल्या दशकात हे विजेतेपद त्या घराबाहेर गेलंच नाही. जयश्रीने चार वेळा, रोहिणीने पाच वेळा. जयश्री १९७९ मध्ये भारताची पहिली महिला इंटरनॅशनल मास्टर झाली. रोहिणी १९८१ मध्ये हैदराबादला आशियाई विजेती झाली ती १२ पैकी साडेअकरा गुण मिळवून. म्हणजे बारा डावांत एक बरोबरी, बाकी सगळे जिंकले. १९८३ मध्ये क्वालालंपूरला तिने ते पुन्हा जिंकलं.

"त्या काळी खेळायला होतंच कोण" या वाक्यात थोडं तथ्य आहे, ते मी नाकारत नाही. मैदान लहान होतं. पण लहान मैदानातही सलग दहा वर्षं एकदा तरी ठेच लागतेच. आपल्या वर्गात तरी चौथीपासून दहावीपर्यंत पहिला नंबर एकाच घरात राहिला होता का? (समोरचे दोघं हसतायत, त्यांना माहितीये मी कोणाबद्दल बोलतेय.)

आणि मैदान लहान का होतं, हेही विचारायला हवं. १९७६ मध्ये तेरा वर्षांची रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली. त्यावर मोठा गदारोळ झाला. मुलगी पुरुषांत कशी खेळेल? प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि निकाल तिच्या बाजूने लागला. पुढे फिडेचे तेव्हाचे अध्यक्ष, माजी जगज्जेते माक्स युवे, यांनी निर्णय दिला की राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय अजिंक्यपदाच्या स्पर्धांमधून महिलांना वगळता येणार नाही. हे कुठल्याही मानांकनात धरलेलं नाही. मी सॉफ्टवेअरवाली असल्यामुळे मला हे विशेष कळतं, कारण सिस्टीममध्ये उत्तम काम करणारी माणसं पुष्कळ असतात, सिस्टीमचा नियमच बदलायला लावणारी फार थोडी.

याची दुसरी बाजू युरोपातही होती. १९२७ पासून मरेपर्यंत महिला जगज्जेती असलेली व्हेरा मेंचिक पुरुषांच्या स्पर्धांत खेळायची. १९२९ मध्ये कार्ल्सबादला बेकर नावाच्या एका खेळाडूने थट्टेने सुचवलं की जो तिच्याकडून हरेल त्याला 'व्हेरा मेंचिक क्लब'चा सभासद करावं. पहिला सभासद तोच झाला. पुढे १९४४ मध्ये लंडनवरच्या हल्ल्यात ती घरातच मारली गेली.

मधल्या दोघींवर आपल्या भांडणात कोणी एक ओळ लिहिली नाही, त्याचं मला जास्त वाईट वाटलं. भाग्यश्री साठे, लग्नानंतर ठिपसे, आणि अनुपमा अभ्यंकर, लग्नानंतर गोखले. दोघींनी पाच-पाच वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. अनुपमा १९८५ आणि १९८७ मध्ये आशियाई विजेती, भाग्यश्री १९९१ मध्ये. आपण शाळेत होतो तेव्हा या दोघी जिंकत होत्या, आणि आपल्याला पाठ होती ती फक्त सचिनची शतकं. मीही त्यातलीच. २००९ मध्ये पुण्याची सौम्या स्वामिनाथन ज्युनियर जगज्जेती झाली, तेही किती जणांना आठवतंय?

आता दिव्याकडे येते. नागपूरची, ९ डिसेंबर २००५ चा जन्म, आईवडील दोघेही डॉक्टर. २०२३ मध्ये आशियाई विजेती, २०२४ मध्ये गांधीनगरला ज्युनियर जगज्जेती, त्याच वर्षी बुडापेस्टच्या ऑलिंपियाडमध्ये संघाचं सुवर्ण आणि स्वतःच्या पटावरचं वेगळं सुवर्ण. (पुरुष संघानेही सुवर्ण जिंकलं, आणि त्यात आपल्या नाशिकचा विदित गुजराथी होता. टाळ्या त्याच्यासाठी वाजवा, मी थांबते.) बटुमीला जाताना तिच्याकडे ग्रँडमास्टरचा एकही नॉर्म नव्हता. एरवी तीन लागतात. तिथे तिने चीनच्या झू जिनेरला हरवलं, हरिकाला हरवलं, माजी जगज्जेती तान झोंगयीला हरवलं आणि अंतिम फेरीत कोनेरू हंपीला. विजेतेपदाबरोबर किताबही थेट मिळाला. भारताची ८८ वी ग्रँडमास्टर, महिलांमध्ये चौथी.

हंपी ग्रँडमास्टर झाली २००२ मध्ये, म्हणजे दिव्या जन्मायच्या तीन वर्षं आधी. अंतिम फेरीचे दोन्ही मोठे डाव बरोबरीत सुटले, जलद डावांतला पहिलाही बरोबरीत, आणि दुसऱ्यात काळ्या मोहऱ्यांनी दिव्या जिंकली. वेळेच्या तंगीत हंपीच्या हातून चुका झाल्या. डाव संपल्यावर दिव्या आईच्या गळ्यात पडून रडली, ते सगळ्यांनी पाहिलं. मी मात्र हंपीकडे बघत होते. अडतीस वर्षांची, एका मुलीची आई, सात महिन्यांपूर्वीच न्यूयॉर्कला जलद बुद्धिबळाची जगज्जेती झालेली, दुसऱ्यांदा. आपल्या वयाच्या जवळची ती होती ना.

तर माझं मत, विचारलंच आहे म्हणून. आजची दिव्या आणि १९८१ ची रोहिणी पटावर समोरासमोर बसल्या तर दिव्या जिंकेल, आणि सहज जिंकेल. त्यात वाद नाही. पण हा कसोटीचा प्रश्नच नव्हे. आजचा बारावीचा हुशार मुलगाही न्यूटनला माहीत नसलेली गणितं सोडवतो. आपल्या काळातल्या इतरांपासून किती अंतर राखलं, हा माझ्या मते जास्त योग्य प्रश्न, आणि त्यात महाराष्ट्रापुरतं रोहिणीचं पारडं अजून जड आहे. टिकून राहण्यात देशभरात हंपीला तोड नाही. तीन आठवड्यांत एकामागून एक डोंगर चढण्यात दिव्या पुढे. दिव्याच्या हातात अजून पुष्कळ वर्षं आहेत, तेव्हा हा हिशेब मी पेन्सिलने लिहिलाय. सप्टेंबर २०२५ मध्ये समरकंदच्या ग्रँड स्विसमध्ये तिने महिला विभाग सोडून खुल्या विभागात खेळायचं ठरवलं. कोणी न्यायालयात गेलं नाही.

शेवटचा मुद्दा आपल्या शाळेचा. आपण जमवलेल्या निधीचं काय करायचं यावर दुपारी बैठक आहे. मी बुद्धिबळाचे दहा पट आणि दहा घड्याळं सुचवणार आहे. आपल्या वेळी पट दोन होते, आणि एका पटावर उंटाच्या जागी शर्टाचं बटण होतं. त्याबरोबर एक विनंतीही करणार आहे. शाळेच्या वार्षिक स्पर्धेत मुलींचा गट वेगळा असतो. मुलींचं बक्षीस जरूर वेगळं ठेवा, पण सोडत एकच काढा. आठवीतल्या मुलीचा पहिल्याच फेरीत नववीतल्या मुलाशी डाव पडू द्या. दुपारी अडीच वाजता, मुख्याध्यापकांच्या खोलीशेजारच्या वर्गात बैठक आहे. ज्यांचा विरोध असेल त्यांनी तिथे जरूर यावं, ग्रुपवर लिहू नये.