घरचा व्यायाम : एक नित्यनेम
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



विद्या आणि वित्त या दोन्ही बाबतींत आपल्या समाजाने गेल्या दोन पिढ्यांत केलेली प्रगती अभिमानास्पद आहे. परंतु या दोहोंचा उपभोग ज्या शरीराने घ्यावयाचा, त्याची उपेक्षाही तितक्याच वेगाने वाढली आहे. मधुमेह आणि रक्तदाब यांची चर्चा आज आपल्या पंगतीतूनही चालते. व्यायामाची मात्र चालत नाही. म्हणून आजच्या भाषणासाठी आम्ही हा विषय घेतला आहे.

व्यायामास आखाडा हवा, साधने हवीत, फावला वेळ हवा, ही समजूत प्रथम सोडली पाहिजे. औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांचे उदाहरण पाहण्याजोगे आहे. प्रथम ते पाश्चात्य मल्ल सँडो याच्या पद्धतीने व्यायाम करीत. पुढे ते सूर्यनमस्कारांकडे वळले आणि त्यांचे आजन्म पुरस्कर्ते झाले. संस्थानच्या शाळांतून त्यांनी नमस्कार सुरू केले आणि १९३८ साली त्यांचा इंग्रजी ग्रंथही विलायतेत प्रसिद्ध झाला. विशेष हे की, त्यांच्या राणीसाहेबही नित्य नमस्कार घालीत. एका सतरंजीएवढ्या जागेत राजाचे जे काम भागले, ते आपले का भागू नये?

किती व्यायाम करावा, याचे उत्तर जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिले आहे. प्रौढ माणसाने आठवड्यात १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी, निदान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम करावा, आणि पासष्टी गाठलेल्यांनी तोल सांभाळण्याचे व्यायाम आठवड्यातून तीन दिवस करावेत. एका बैठकीत निदान दहा मिनिटे तरी हवीतच, ही जुनी अटही त्या वेळी गळून पडली. मुळीच न करण्यापेक्षा थोडे केलेले बरे, हेच त्या सूचनांचे सार होय.

आता प्रश्न चिकाटीचा. आरंभशूरत्व हा आपला जुना दोष! पहिल्या दिवशी पन्नास नमस्कार, दुसऱ्या दिवशी अंगदुखी आणि तिसऱ्या दिवशी विश्रांती, असा क्रम घरोघरी दिसतो. लंडन विद्यापीठाच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील संशोधकांनी २००९ साली सवयींचा अभ्यास प्रसिद्ध केला. नवी सवय अंगवळणी पडण्यास सरासरी ६६ दिवस लागले. कोणाला १८, तर कोणाला अडीचशेहून अधिक. एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडले नाही, असेही त्यांना आढळले. आपला चातुर्मास सुमारे चार महिन्यांचा. म्हणजे नेम मुरण्यास बहुतेकांना पुरेल इतका अवधी आपल्या वाडवडिलांनी आधीच नेमून ठेवला आहे! मात्र व्रतातील सातत्य तेवढे घ्यावे, व्रतभंगाचे भय घेऊ नये. एक दिवस चुकला, तर दुसऱ्या दिवशी निमूटपणे पुन्हा आरंभ करावा.

नेम कसा बांधावा? तो रोजच्या एखाद्या अटळ कृत्याशी जोडावा : दात घासल्यावर, अथवा देवपूजेपूर्वी. प्रथम आठवड्यात तीनच नमस्कार घालावेत. पुढे दर आठवड्यास एक वाढवावा. भिंतीवरील दिनदर्शिकेवर रोज खूण करावी. पोट भरलेले असता व्यायाम करू नये, आणि श्वास कोंडून धरू नये. ज्यांना हृदयविकार, वाढलेला रक्तदाब अथवा गुडघेदुखी आहे, त्यांनी आधी वैद्यांचा सल्ला घ्यावा. त्यांच्यासाठी खुर्चीवरून हातांच्या आधाराविना दहा वेळा उठणे, भिंतीवर तळवे टेकून जोर काढणे आणि ओट्याचा आधार घेऊन एका पायावर उभे राहणे, हेही उत्तम व्यायाम आहेत.

‘आता या वयात काय?’ असे वृद्धांनी म्हणू नये. अमेरिकेतील एका वृद्धाश्रमात नव्वदीच्या घरातील दहा दुर्बल व्यक्तींना पायांच्या बळाचा व्यायाम देण्यात आला. आठ आठवड्यांत, तो पूर्ण करणाऱ्या नऊ जणांचे बळ सरासरी दुपटीहून अधिक वाढले. हा प्रयोग १९९० साली प्रसिद्ध झाला. पडून खुब्याचे हाड मोडणे हे म्हातारपणी किती घरांना जड जाते, हे येथे बसलेल्यांस सांगणे नको.

शेवटी एक कटू गोष्ट. ‘घरकाम हाच बायकांचा व्यायाम’ हे वाक्य आम्ही आपल्या अनेक सुशिक्षित घरांतून ऐकतो. घरकामाने हालचाल होते, हे खरे; परंतु तासन् तास ओट्यापुढे उभे राहिल्याने पाठ दुखते, ती बळकट होत नाही. सुनेला अथवा गृहिणीला रोजची वीस मिनिटे निर्वेध मिळावयाची असतील, तर त्या वेळी चहाचे आधण दुसऱ्या कोणी ठेवले पाहिजे. पुरुषांच्या नेमासाठी सारे घर थांबते. तिच्या नेमासाठी का थांबू नये?

येत्या रथसप्तमीस प्रत्येक कुटुंबाने हा संकल्प करावा, आणि पुढील संमेलनात किती घरांनी तो पाळला, याची विचारणा मंडळाने अवश्य करावी, अशी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.