हृदयातली चोरवाट

११ धडधाकट, तरुण माणसे. तरीही छाती मध्येच बेभान धडधडायची. वुल्फ, पार्किन्सन आणि व्हाइट या डॉक्टरांनी १९३० साली त्यांची नोंद छापली. तिघांच्या आद्याक्षरांवरून या विकाराला डब्ल्यूपीडब्ल्यू म्हणतात.

निरोगी हृदयात वरच्या कप्प्यांतला विद्युत्संदेश एकाच ठिकाणाहून खाली उतरतो, तोही जरा थबकून. या रुग्णांत स्नायूचा एक बारीक धागा जन्मतःच दुसरी चोरवाट उघडी ठेवतो. वरचे कप्पे थरथरू लागले, की तिथून संदेशांचा लोंढा खाली येतो. क्वचित त्यात जीवही जातो.

१९६८ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात डॉ. विल सीली यांनी एका मच्छिमाराची छाती उघडून ही वाट तोडली. इलाज नेमका, पण घाव केवढा!

आता मांडीच्या शिरेतून कॅथेटर हृदयापर्यंत सरकवतात. टोकावरचे इलेक्ट्रोड धाग्याची जागा हुडकतात. खरा कस इथेच लागतो. मग रेडिओफ्रिक्वेन्सी प्रवाहाने काही मिलिमीटरचा ठिपका तापवतात. ईसीजीच्या उंच टोकाआधी दिसणारी तिरकी चढण अनेकदा काही सेकंदांतच पुसली जाते. १९९१ मध्ये ओक्लाहोमाच्या डॉ. वॉरन जॅकमन यांच्या चमूने १६६ पैकी १६४ रुग्णांत यश आल्याचे प्रसिद्ध केले.

धोका अगदीच नाही असे नव्हे. धागा मूळ वाटेला खेटून असेल, तर तीच जळून पेसमेकर बसवायची वेळ येऊ शकते. अशा वेळी काही डॉक्टर पेशी गोठवणे पसंत करतात, कारण गोठवताना सुरुवातीलाच थांबले तर वाट पुन्हा सुरू होऊ शकते.