रोज पंचवीस ओव्या

नवं वर्ष तोंडावर आलं की घरोघरी संकल्प सोडले जातात. यंदा वजन उतरवायचं, खर्चाला आळा घालायचा, वाचन वाढवायचं. संकल्प मनापासूनचे असतात, तरी पुष्कळसे संक्रांतीपर्यंतही तग धरत नाहीत. याचा दोष मी आळसाला देणार नाही. ‘वाचन वाढवायचं’ याला ना माप, ना वेळ. आजचं काम झालं की राहिलं, हे रात्री अंथरुणाला पाठ टेकताना कळावं कसं?

एकच उदाहरण घेऊ. ज्ञानेश्वरी एकदा अथपासून इतिपर्यंत वाचायचीच, असं कितीतरी जण वर्षानुवर्षं म्हणत असतात. शके 1212 मध्ये नेवाशाला सिद्ध झालेला हा ग्रंथ सुमारे 9,000 ओव्यांचा. आकडा ऐकूनच छाती दडपते. पण रोज 25 ओव्या धरल्या, तर 360 दिवसांत ग्रंथ पुरा होतो. सार्थ प्रत घ्यावी, म्हणजे अर्थासाठी अडायला होत नाही.

आता वेळ. पीटर गोलविट्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञाच्या अभ्यासातून असं दिसलं, की ‘अमुक झालं की तमुक करीन’ असं आधीच ठरवणाऱ्यांच्या हातून काम तडीस जाण्याचा संभव वाढतो. तेव्हा नुसतं ‘रात्री वाचीन’ म्हणू नका. जेवणं झाली, ओटा पुसला, की पोथी उघडायची, असं ठरवा.

आणि एखादा दिवस चुकला तर? लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या संशोधकांनी 96 जणांच्या नव्या सवयींचा माग घेतला. सवय अंगवळणी पडायला साधारण 66 दिवस लागले, कुणाला 18, तर कुणाला त्याहून कितीतरी जास्त. मधे एखादा दिवस हुकल्यानं फारसं बिघडलं नाही. दुसऱ्या दिवशी पोथी उघडली म्हणजे झालं.

नेमकेपणाचा मला सर्वांत मोलाचा वाटणारा फायदा वेगळाच आहे. पुढची अडचण आधी दिसते. अठरावा अध्याय एकटाच 1,800 ओव्यांच्या घरात आहे. 1 जानेवारीला सुरुवात केली, तर तो लागेल ऑक्टोबरच्या मध्यावर, आणि त्याच्या वाटेतच दिवाळी. घरात चकल्यांचा घाणा चालू असताना 25 ओव्या कुठून व्हायच्या? त्यासाठी श्रावणात रोज पाच ओव्या जास्त वाचाव्यात. महिन्याच्या 150 होतात, दिवाळीच्या सहा दिवसांची बेगमी.