परदेशी भांडवल आणि बेटाची मालकी : मालदीवचा अनुभव

(सरपंच, पंचायत सदस्य, शिक्षक व शासकीय अधिकारी यांच्या शिबिरात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



बेटावर एखादा पर्यटन व्यवसाय उभारावयाचा आहे, त्यासाठी परदेशी गुंतवणूकदार कोठे शोधावा, असा प्रश्न आपल्या गोव्यात वारंवार विचारला जातो. दिवाडी व चोडण ही मांडवीच्या पात्रातील बेटे आपल्या नित्य परिचयाची असल्यामुळे हा प्रश्न आपणांस परका नाही. विचारणाऱ्याची समजूत बहुधा अशी असते की, परदेशात कोणी पैशाची थैली घेऊन बसलेला आहे व त्याचा पत्ता तेवढा हाती लागावयाचा बाकी आहे. ही समजूत कितपत खरी आहे, हे पाहण्यासाठी मी आज आपणांस लक्षद्वीपच्याही दक्षिणेस, मालदीवला नेणार आहे.

सुमारे १,२०० लहान प्रवाळबेटांचा हा देश. त्यांपैकी वस्ती असलेली बेटे दोनशेच्याही आत. शेतजमीन नाममात्र. पर्यटन येण्यापूर्वी उत्पन्न मुख्यतः वाळवलेल्या मासळीचे असे, आणि तिचे गिऱ्हाईक श्रीलंका. १९६०च्या दशकात संयुक्त राष्ट्रांच्या वतीने आलेल्या तज्ज्ञांनी ही बेटे पर्यटनास योग्य नाहीत असा अभिप्राय दिला होता. बँक नाही, हॉटेल नाही, बाहेरच्या जगाशी नियमित विमानसेवा नाही, तेव्हा त्यांचे म्हणणे कागदावर चूकही नव्हते.

१९७१ साली जॉर्ज कॉर्बिन नावाचा एक इटालियन प्रवास व्यावसायिक निर्जन व स्वच्छ किनाऱ्यांच्या शोधात कोलंबोस आला. तेथील मालदीवच्या वकिलातीत त्याची गाठ अहमद नसीम या तरुण कर्मचाऱ्याशी पडली. हेच नसीम २०११ मध्ये मालदीवचे परराष्ट्रमंत्री झाले. दोघे मालवाहू बोटीने मालेस गेले. कॉर्बिनने बेटे पाहिली आणि मी पाहुणे घेऊन परत येतो, असे सांगून तो निघून गेला. फेब्रुवारी १९७२ मध्ये तो खरोखरच सुमारे वीस-बावीस इटालियन प्रवाशांना घेऊन आला. त्यांची सोय मालेतील घरांतच करावी लागली. पाहुणे आनंदाने परतले. मोहम्मद उमर मानिकू, हुसेन अफीफ व नसीम या तरुणांनी मग विहामनाफुशी या निर्जन बेटावर काम सुरू केले. भिंती प्रवाळी दगडाच्या, छप्पर माडाच्या झावळ्यांचे. ऑक्टोबर १९७२ मध्ये ३० खोल्यांचे हे निवासस्थान उघडले. त्याचे नाव ‘कुरुंबा’, म्हणजे शहाळे.

येथे क्षणभर थांबावेसे वाटते. कॉर्बिनजवळ सर्वांत मोलाची गोष्ट कोणती होती? मिलानहून, रोमहून माणसे आणण्याची ताकद. भांडवल देणारे पुष्कळ असतात, पण खोली भरून देणारा विरळा. युरोपातील प्रवाससंस्था पुढील हंगामाच्या खोल्या आगाऊ राखून ठेवते, त्यासाठी करार करते, आणि तो करार हाती असला म्हणजे बँकही दार उघडते. म्हणून परदेशी गुंतवणूकदार शोधणाऱ्याने प्रथम पाहुणे कोणत्या देशातून येतील हे ठरवावे व त्या देशात ते पाठविणारा कोण आहे याचा माग काढावा. बर्लिन येथे १९६६ पासून भरणाऱ्या पर्यटन मेळाव्यात ही मंडळी एका छताखाली भेटतात. वर्तमानपत्रात जाहिरात देऊन असा माणूस मिळाल्याचे मला तरी ठाऊक नाही.

गुंतवणूकदार पुढे येऊ लागले ते मात्र शासनाने व्यवहार सुटसुटीत केल्यावर. पर्यटन व परकीय गुंतवणूक यांविषयीचे कायदे १९७९ मध्ये झाले. हुल्हुले येथील धावपट्टी वाढवून नोव्हेंबर १९८१ मध्ये आंतरराष्ट्रीय विमानतळ सुरू झाला व युरोपातून थेट विमाने येऊ लागली. व्यवहाराचे सूत्र असे : एका बेटावर एकच निवाससंकुल, बेट विकावयाचे नाही, ठरावीक मुदतीच्या खंडाने द्यावयाचे, इमारत माडाच्या शेंड्याहून उंच नसावी, बांधकामाखाली बेटाचा मर्यादित भागच यावा. परकीयास भूमीची मालकी देता येणार नाही व भाडेपट्टा ९९ वर्षांहून अधिक असणार नाही, असे २००८च्या राज्यघटनेतच लिहिलेले आहे. इतक्या अटी घालूनही परदेशी भांडवल आले. किंबहुना अटी स्पष्ट होत्या म्हणून ते आले, असे माझे मत आहे. आपला पैसा घालणाऱ्यास कडक नियमाची तितकीशी भीती नसते. उद्या बदलणाऱ्या नियमाची असते. १९७२ साली हजारभर असलेली पाहुण्यांची संख्या २०२४ मध्ये २० लाखांवर गेली.

आपल्या श्रोत्यांपैकी गावकार मंडळींना यात काही नवल वाटू नये. कोमुनिदादीची शेते लिलावाने, ठरावीक मुदतीस खंडाने देण्याची रीत आपल्याकडे पूर्वापार आहे. जमीन गावची, पीक कसणाऱ्याचे, हा हिशेब आपल्या पूर्वजांना चांगला कळत होता.

परंतु मालदीवचे सर्वच अनुकरणीय आहे, असे मी म्हणणार नाही. निवाससंकुले निर्जन बेटांवर आणि गावे दुसऱ्या बेटांवर, अशी विभागणी झाल्यामुळे पाहुण्यांचा पैसा गावात फारसा पोहोचला नाही. भाजी, दूध, फर्निचर सारे बाहेरून येई; पुष्कळसे कामगारही बांगलादेश, भारत व श्रीलंका येथून येत. वस्तीच्या बेटांवर पाहुण्यांना राहू देण्यास दीर्घकाळ मनाई होती. ती २००९-१०च्या सुमारास उठली, तेव्हा माफुशीसारख्या, तोवर कारागृहासाठी ओळखल्या जाणाऱ्या बेटावर लोकांनी लहान लहान अतिथिगृहे काढली. पेहरावाचा प्रश्न निघाला, तेव्हा पाहुण्यांसाठी किनाऱ्याचा वेगळा भाग आडोसा करून राखण्यात आला. तोडगा साधा, पण गावानेच स्वीकारलेला.

दुसरा प्रकार याहून गंभीर आहे. २०१४-१५ मध्ये अनेक बेटे व प्रवाळवेढ्यातील जलक्षेत्रे खुल्या निविदा न मागविता देण्यात आली. खंडापोटी आलेला पैसा सरकारी तिजोरीत न जाता मधल्यामध्ये नाहीसा झाला. महालेखापरीक्षकांच्या २०१६च्या अहवालात ही रक्कम सुमारे ७ कोटी ९० लाख डॉलर दाखविली आहे. ज्या गुंतवणूकदारांनी पैसे भरले होते त्यांचीही पंचाईत झाली, कारण दाराआडून मिळालेला पट्टा पुढील सरकार तपासून पाहते. २०१५ मध्ये घटनादुरुस्ती करून शंभर कोटी डॉलर गुंतविणाऱ्या व समुद्रातून भूमी निर्माण करणाऱ्या परकीयास मालकी देण्याची वाट काढली होती. ती २०१९ मध्ये पुन्हा बंद करण्यात आली.

आता आपल्याकडील कायदा थोडक्यात सांगतो, कारण त्याविषयी फार गैरसमज आहेत. भारतीय वंशाचा नसलेला व येथे न राहणारा परदेशी नागरिक आपल्याकडे जमीन विकत घेऊ शकत नाही. शेतजमिनीचा तर प्रश्नच नाही. परंतु हॉटेल व पर्यटन व्यवसाय करणाऱ्या भारतीय कंपनीत तो शंभर टक्क्यांपर्यंत भांडवल घालू शकतो, व त्यास सर्वसाधारणपणे शासनाची पूर्वपरवानगी लागत नाही. पैसा बँकेमार्फत यावा लागतो आणि कंपनीने भाग दिल्यापासून ३० दिवसांत रिझर्व्ह बँकेस कळवावे लागते. किनारा व खाडी यांच्या काठी किनारी नियमन क्षेत्राचे निर्बंध आहेतच. तेव्हा “जमीन माझ्या नावे कर, पैसा मी देतो” असे सांगणारा परदेशी आणि “नाव माझे, पैसा त्याचा” असे सांगणारा दलाल, दोघांनाही उंबऱ्यावरच थांबवावे.

खरा गुंतवणूकदार आला, तर तो काय पाहील? प्रथम जमिनीचे कागद. नमुना १ व १४चा उतारा एकाच्या नावे, कबजा दुसऱ्याचा आणि वारस आफ्रिकेत व पोर्तुगालमध्ये, अशी अवस्था असेल तर तो पहिल्या बैठकीनंतर पुन्हा दिसणार नाही. मग तो मागील वर्षांचे हिशेब मागेल. गोड्या पाण्याची सोय, फेरीबोटीची शेवटची वेळ आणि कचरा कोठे जातो हे विचारील. पावसाळ्याच्या चार महिन्यांत खोल्या रिकाम्या राहिल्या तर पगार कोठून देणार, हेही तो विचारील, आणि त्याने विचारले नाही तर आपण त्याला विचारावे. मालदीवने २०२० मध्ये महामारीमुळे मार्चअखेरपासून जुलैच्या मध्यापर्यंत प्रवाशांना दार बंद ठेवले होते. असा काळ पुन्हा आल्यास खंड कोणी भरावयाचा, हे करारात असले पाहिजे.

आणि पंचायतीने करार वाचताना शेवटची पाने आधी वाचावीत. मुदत संपल्यावर बांधकाम कोणाचे, पट्टा तिसऱ्यास विकता येईल काय, मच्छीमारांची होडी लावण्याची जागा व किनाऱ्यावरची वाट खुली राहील काय, ही कलमे तेथेच असतात. करार इंग्रजीत असेल तर त्याचे मराठी वा कोंकणी भाषांतर ग्रामसभेपुढे वाचून दाखवावे. या कामी शाळेतील शिक्षकांची मदत घेता येईल. भाषांतर तयार होईपर्यंत सही लांबली तरी चालेल.