वृद्धांचे मुख कोणाच्या हाती?



आजच्या विषयाचे नाव वाचून काही मंडळी मनाशी हसली असतील. ज्या व्यासपीठावर वेदान्तावर बोलावयाचे, अर्थकारणावर बोलावयाचे, तेथे म्हाताऱ्या माणसांची तोंडे कोणी घासावीत यावर पाऊण तास काय बोलणार? परंतु ज्यांच्या घरी ऐंशी वर्षांचे माणूस अंथरुणाला खिळून आहे, ते हसले नसतील याची मला खात्री आहे.

आपल्या भाषेपासूनच आरंभ करतो. ‘तोंड धुणे’ या शब्दात आपण चेहराही घालतो आणि दातही. धडधाकट माणसाच्या बाबतीत यात काही बिघडत नाही. तो मोरीवर जातो आणि दोन्ही कामे उरकतो. पण माणूस पलंगावरून उठेनासा झाला की सकाळी ओल्या फडक्याने त्याचा चेहरा पुसला जातो, आणि घरात कोणी विचारले तर उत्तर मिळते, “आजींचे तोंड धुवून झाले.” ते खोटे नसते. फक्त ओठांच्या आत कोणाचाही हात गेलेला नसतो. असे महिनेच्या महिने जातात.

आत काय चालते ते पाहा. दातांवर, कवळीवर आणि जिभेवर जंतूंचा चिकट थर बसतो. झोपेत थोडी लाळ चुकून श्वासनलिकेत उतरते. ती तुमच्याआमच्याही उतरते, पण आपल्याला ठसका लागतो आणि ती बाहेर पडते. अर्धांगवायू झालेल्या किंवा फार अशक्त झालेल्या माणसाला तो ठसका येत नाही. लाळेबरोबर जंतू फुप्फुसात मुक्काम करतात, आणि पुढे न्यूमोनिया झाला की आपण म्हणतो, गार वारा लागला.

या बाबतीत जपानी मंडळींनी डोळ्यांत भरण्यासारखे काम केले आहे. तेथील ११ शुश्रूषागृहांतील ४१७ वृद्धांची त्यांनी चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत वाटणी केली आणि दोन वर्षे त्यांच्यावर लक्ष ठेवले. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार, ज्यांच्या तोंडाची निगा ठरवून राखली त्यांच्यात शेकडा ११ जणांना न्यूमोनिया झाला, तर इतरांत शेकडा १९ जणांना. न्यूमोनियाने दगावलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे ७ आणि १६. विशेष म्हणजे ज्यांच्या तोंडाचे पार बोळके झाले होते त्यांनाही गुण आला. तेव्हा ‘दात गेले, दातांची कटकट गेली’ हा आपला समज जमेस धरू नका. उलट बाजूही सांगणे माझे कर्तव्य आहे. अमेरिकेत कनेक्टिकट राज्यातील शुश्रूषागृहांत घासणे, औषधी पाण्याने तोंड स्वच्छ करणे आणि ताठ बसवून भरवणे असा एकत्रित प्रयोग झाला. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांत न्यूमोनिया कमी झालेला आढळला नाही. म्हणून तोंड घासले की न्यूमोनिया टळलाच, असे मी म्हणणार नाही. पण मुखदुर्गंधी, हिरड्यांचा ठणका आणि घास टाळणारे माणूस, एवढी कारणेही मला पुरेशी वाटतात.

जपानच्या त्या प्रयोगात मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती निराळीच गोष्ट. ब्रश कोणाच्या हाती होता? दंतवैद्याच्या नव्हे. प्रत्येक जेवणानंतर परिचारिका आणि सेवक तोंड घासत. दंतवैद्य किंवा त्यांचे साहाय्यक गरजेप्रमाणे आठवड्यातून एकदा येत. म्हणजे रोजचे काम एकाचे, आणि त्याच्या पाठीशी जाणकार दुसरा. आपल्याकडे नेमका हाच दुवा तुटलेला आहे.

समजा, एक आजी आहेत. मधुमेह, रक्तदाब, जुना हृदयविकार. वरच्या जबड्याला कवळी, खाली पाचसहा दात. जेवण कमी झाले आहे. डॉक्टर छाती तपासतात, रक्त तपासतात. ‘आ करा’ म्हणून घसा पाहतात, पण कवळी काढावयास सांगत नाहीत, कारण दात हा आपला प्रांत नव्हे असे त्यांना वाटते. दंतवैद्य आपल्या खुर्चीपाशी असतात, आणि आजींना त्या खुर्चीपर्यंत नेणार कोण? औषधांच्या दुकानदाराला ठाऊक असते की लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, झोपेच्या गोळ्या, खाज-सर्दीच्या गोळ्या यांपैकी काहींनी तोंडाला कोरड पडते, आणि कोरड्या तोंडात दात फार लवकर किडतात; पण त्याला कोणी विचारत नाही. ब्यूरोतून आलेल्या मावशींना तर पहिल्या दिवशीच सांगितलेले असते की आंघोळ, कपडे आणि जेवण एवढे बघा. आणि सूनबाईंना वाटते, सासूबाईंच्या तोंडात हात कसा घालावा? संकोच दोन्हीकडचा असतो. अशी पाच माणसे आजींची काळजी घेत असतात, मनापासून घेत असतात, आणि आजींच्या कवळीखाली जखम झालेली असते.

हे निष्काळजीपणाने घडते असे मी म्हणत नाही. प्रत्येकाला दुसरा बघत असेल असे वाटते, एवढेच. आणि हा केवळ आपला दोष आहे असेही नाही. इंग्लंडमध्ये २०१६ साली याविषयी सरकारमान्य मार्गदर्शन निघाले होते. तरीही तेथील तपासनीस संस्थेने २०१९ साली शंभर वृद्धनिवास पाहून जो अहवाल दिला त्यात निम्म्याहून अधिक ठिकाणी मुखाच्या निगेबद्दल काही धोरणच आढळले नाही, आणि शेकडा ४७ ठिकाणी सेवकांना त्याचे शिक्षण दिलेले नव्हते. कागद निघाला, माणसे एकत्र आली नाहीत.

माणसे एकत्र आणावयाची म्हणजे त्यांच्या सभा भरवावयाच्या असे नव्हे. माझे म्हणणे थोडे उलटे आहे. आपण मोठ्या पदवीचा माणूस मध्यभागी ठेवतो आणि बाकीच्यांना त्याच्याभोवती उभे करतो. येथे मध्यभागी हवी ती रोज भरवणारी आणि रोज धुणारी व्यक्ती, मग त्या मावशी असोत, सून असो वा मुलगा असो. जीभ पांढरी झाली, घास गालात साठून राहतो, पाणी पिताना आवाज घोगरा होतो, कवळी सैल झाली, हे प्रथम तिलाच दिसते. ज्या पिढीतल्या बायकांनी आयुष्यभर मिश्री लावली त्यांच्या गालफडातला न भरणारा पांढरा किंवा लाल डागही तिलाच दिसणार. असा डाग किंवा जखम दोनतीन आठवडे राहिली तर दाखवलीच पाहिजे. ती जे सांगेल ते डॉक्टरांनी आणि दंतवैद्यांनी ऐकून घेतले पाहिजे. आणि ती बोलेल कशी, जर तिला कोणी विचारलेच नाही?

उलट दिशेनेही निरोप गेला पाहिजे. रक्त पातळ होण्याची गोळी चालू असता दात काढावयाचा आहे असे कळताच पुष्कळ लोक ती आपणहून बंद करतात. हे धोक्याचे आहे. ती बहुधा बंद करावी लागत नाही, पण निर्णय दोन्ही डॉक्टरांनी मिळून घ्यावयाचा असतो. हाडांच्या ठिसूळपणावर इंजेक्शन घेतलेले असेल तर दात काढण्यापूर्वी दंतवैद्यास ते समजलेच पाहिजे, कारण अशा माणसाच्या जबड्याचे हाड क्वचित भरून येत नाही. दम्याच्या फवाऱ्यानंतर चूळ भरली नाही तर तोंडात बुरशी धरते. चूळ भरता येत नसेल तर ओल्या फडक्याने पुसून घ्यावे, हे फवारा लिहून देणाऱ्यानेच मावशींना सांगावयास नको काय?

आता प्रत्यक्ष कामाविषयी. लहान डोक्याचा मऊ ब्रश, वाटाण्याएवढी पेस्ट, पाणी अगदी थोडे. माणसाला ताठ बसवावे, हनुवटी किंचित खाली; बसवता येत नसेल तर कुशीवर वळवावे. उताणे ठेवून तोंडात पाणी कधीही घालू नये. ज्यांची स्मृती गेली आहे ते तोंड मिटून घेतात, हात झटकतात. त्यांच्याशी झटापट करू नका. ब्रश त्यांच्याच हाती द्या आणि वरून आपला हात ठेवा. साठ-सत्तर वर्षांची सवय बोटांत शिल्लक असते, पुष्कळदा हात आपोआप चालू लागतो. नच चालला तर तासाभराने पुन्हा. कवळी पाण्याच्या तसराळ्यावर धरून धुवावी, म्हणजे निसटली तरी फुटत नाही. उकळते पाणी वापरू नये, तिने कवळी वाकडी होते. आणि रात्री ती काढून पाण्यात ठेवावी. तोकियोतील पंच्याऐंशी वर्षांवरील ५२४ लोकांच्या पाहणीत, २०१५ साली, रात्री कवळी घालून झोपणाऱ्यांत न्यूमोनियाचा धोका सुमारे दुप्पट आढळला. बोळक्या तोंडाने नातवंडांसमोर बसावयाची लाज वाटते म्हणून पुष्कळ आजोबा ती काढत नाहीत. ही लाज खरी आहे, तिची थट्टा करू नये. नातवंडे झोपल्यावर काढावी.

यासाठी मी एकच साधन सुचवतो: उशाशी दोरीने बांधलेली शंभर पानी वही. मावशींनी रोज एक ओळ लिहावी, लिहिता येत नसेल तर घरच्या शाळकरी मुलाकडून लिहवून घ्यावी. घासले की नाही, रक्त आले काय, जेवण किती गेले, कवळी रात्री काढली काय. डॉक्टर आले की त्यांनी ती वाचावी आणि खाली आपली ओळ लिहावी. दंतवैद्याकडे जाताना वही बरोबर न्यावी. नाडीतज्ज्ञाला बोलावतो, व्यायाम करवून घेणाऱ्याला घरी बोलावतो, तसे वर्षातून एकदोनदा दंतवैद्यालाही घरी बोलवावे. आपल्या गावात असे जाणारे थोडे आहेत हे मी जाणतो. पण बोलावणारे त्याहून थोडे आहेत.

वृद्धाश्रमाचे दोनतीन विश्वस्त पुढच्या रांगेत बसलेले मला दिसताहेत. त्यांच्यासाठी एक बारीक काम आहे. धुण्यासाठी एकत्र केलेल्या कवळ्यांची अदलाबदल होते, आणि दुसऱ्याची कवळी बसत नाही म्हणून माणूस मुकाट्याने पेजेवर राहतो. दंतवैद्याकडून प्रत्येक कवळीवर मालकाचे नाव घालून घ्या. त्या निमित्ताने दंतवैद्य एकदा आश्रमात येतील, मावशींची आणि त्यांची ओळख होईल. वह्या मग आणता येतील.